नर्मदाकाठचे माकड : एका शब्दाचा इतिहास

मराठीतील ‘माकड’ हा शब्द संस्कृतातील ‘मर्कट’पासून आला, याबद्दल भाषाभ्यासकांत मतभेद नाही, कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ सालचा मराठी व्युत्पत्तिकोश आणि राल्फ टर्नर यांनी १९६०च्या दशकात प्रसिद्ध केलेला भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश या बाबतीत एकाच वाटेने जातात. अडचण आहे ती अर्थाची. रत्नागिरीच्या आमराईत शिरणारे माकड आणि जबलपुरातील दीक्षितपुऱ्याच्या छपरांवर दिसणारे माकड हे प्राणिशास्त्राच्या दृष्टीने एकच प्राणी नव्हेत, आणि तरीही मराठी माणूस दोघांना एकाच नावाने ओळखतो. शब्द माणसांबरोबर उत्तरेला गेला, प्राणी मात्र आपापल्या जागी राहिला आणि नव्या मुलखातील दुसऱ्याच प्राण्याने त्या शब्दात आपली जागा केली. हे कसे घडले, हे समजून घेण्यासाठी दीक्षितपुऱ्यासारखे ठिकाण सोयीचे आहे, कारण तेथे घरातील मराठी आणि गल्लीतील हिंदी या दोन भाषा एकाच संस्कृत मुळाची निराळी फळे समोरासमोर ठेवतात.

जबलपूरच्या परिसरात मराठी पोहोचली ती दोन मार्गांनी. पहिला मार्ग सागर शहराचा. पेशव्यांच्या वतीने बुंदेलखंडाचा कारभार पाहणारे गोविंदपंत बुंदेले हे मूळचे गोविंद बल्लाळ खेर, रत्नागिरीकडील नेवरे गावचे. १७६० च्या अखेरीस, पानिपतच्या लढाईपूर्वी थोडे दिवस, ते मारले गेले, पण सागरची मराठी सत्ता टिकली आणि १७८१ मध्ये तिने गढा-मंडल्याचे गोंड राज्य आपल्याकडे घेतले. दुसरा मार्ग नागपूरचा. १७९८ मध्ये मंडला आणि नर्मदेचे खोरे पेशव्यांकडून नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १९ डिसेंबर १८१७ रोजी जबलपूरची लढाई होऊन इंग्रजांनी शहर घेईपर्यंत ते त्यांच्याकडे होते. राज्य गेले तरी कारकुनी, वकिली, वैद्यकी आणि शिक्षकी यांच्या निमित्ताने मराठी माणसांची ये-जा सुरूच राहिली. पुढे मध्य प्रांतात नागपूर आणि जबलपूर एकाच सरकारखाली आल्यावर ती अधिकच सोपी झाली. याचा भाषिक परिणाम असा की जबलपुरी मराठीच्या मुळाशी एक कोकणी-देशी थर आहे आणि एक नागपुरी-वऱ्हाडी थर आहे. माकडाच्या बाबतीत हे दोन थर एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत.

मराठी मुलखात माणसाच्या नजरेला पडणारे वानरकुलातील प्राणी मुख्यतः दोन. एकाचे तोंड तांबूस, अंग तपकिरी, अंगचण आटोपशीर. दुसऱ्याचे तोंड काळे, अंग राखाडी, शेपूट लांबलचक आणि झेप मोठी. देशावर आणि विदर्भात पहिल्याला ‘माकड’ आणि दुसऱ्याला ‘वानर’ म्हणण्याचा प्रघात आहे, आणि ज्यांना एवढाही भेद करायचा नसतो ते ‘लालतोंड्या’ व ‘काळतोंड्या’ असे म्हणून मोकळे होतात. वानरांच्या कळपातील दांडग्या नराला त्याच्या आवाजावरून ‘हुप्प्या’ हे स्वतंत्र नाव मिळाले आहे. कोकणात मात्र तांबड्या तोंडाच्या प्राण्याला ‘केलडी’ किंवा ‘केलडे’ म्हणतात आणि काळ्या तोंडाच्याला ‘वांदर’. म्हणजे सागरमार्गे आलेल्या कोकणी कुटुंबांच्या बोलीत ज्या प्राण्यासाठी एक खास देशी शब्द होता, त्याच प्राण्यासाठी नागपूरमार्गे आलेल्यांकडे संस्कृतातून उतरलेला शब्द होता. व्यापक वापराच्या जोरावर ‘माकड’ टिकले; ‘केलडी’ सह्याद्री सोडून फारशी बाहेर पडली नाही.

परंतु नर्मदेकाठी भेटणारे तांबड्या तोंडाचे माकड सह्याद्रीतले नव्हते. दक्षिण भारतातील माकडाच्या डोक्यावर केसांचा भोवरा टोपीसारखा पसरलेला असतो आणि त्याची शेपटी जवळजवळ अंगाइतकी लांब असते. शास्त्रीय नामावळीत त्याला ‘मकाका रेडिआटा’ म्हणतात. उत्तर भारतातील माकड, म्हणजे ‘मकाका मुलाटा’ किंवा ऱ्हीसस, हे आखूड शेपटीचे, टोपी नसलेले आणि मागच्या अंगाला लालसर झाक असलेले असते. या दोन जातींच्या प्रदेशांची सीमा ढोबळमानाने पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी अशी सांगितली जात आली आहे. वानरांमध्येही काहीशी अशीच रेषा पडते : उत्तरेकडचा वानर चालताना शेपूट पाठीवरून डोक्याच्या दिशेने वळवतो, तर दक्षिणेकडचा ती मागच्या बाजूला कमानीसारखी धरतो, हा फरक प्राणिशास्त्रज्ञांनी नोंदवला आहे. तापी ओलांडून गेलेल्या मराठी माणसाने लांब शेपटीच्या माकडाचे नाव आखूड शेपटीच्या माकडाला दिले, आणि ते देताना त्याला काही वेगळे केल्यासारखे वाटलेही नसावे. तोंडाचा रंग जुळला, तेवढे पुरेसे होते. लोकांच्या वर्गीकरणात शेपटीपेक्षा चेहऱ्याला वजन असते.

आता शब्दाच्या वंशावळीकडे वळता येईल. ‘मर्कट’ हा शब्द यजुर्वेदाच्या संहितांमध्ये येतो. अश्वमेधात ज्या पशुपक्ष्यांची नावे घेतली जातात त्यांच्या यादीत तो आहे. तैत्तिरीय संहितेत त्याहून लक्षवेधी असे एक वर्गीकरण आढळते. त्यात प्राण्यांचे दोन गट केले आहेत : वस्तू तोंडाने उचलणारे आणि वस्तू हाताने उचलणारे. दुसऱ्या गटाला ‘हस्तादान’ म्हटले असून त्यात तीनच नावे येतात : पुरुष, हत्ती आणि मर्कट. सोंडेला हात मानून हत्तीला माणसाच्या पंक्तीत बसवणाऱ्या त्या याज्ञिकाची निरीक्षणशक्ती दाद देण्यासारखी आहे, आणि मर्कटाची ओळख त्याने चेष्टांवरून न करता हातावरून केली, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढच्या काळात ‘मर्कटचेष्टा’ आणि ‘माकडचाळे’ यांनी ही जुनी प्रतिष्ठा पार झाकून टाकली. ‘मर्कट’ हा शब्द त्याआधी कोठून आला, हे सांगणे अवघड आहे. ‘कर्कट’ म्हणजे खेकडा, या शब्दाप्रमाणेच त्याचा टकारान्त घाट पाहून तो आर्यपूर्व भाषांतून संस्कृतात शिरला असावा, असे अनुमान काही अभ्यासकांनी केले आहे.

संस्कृतानंतरचा प्रवास मात्र स्पष्ट आहे. जोडाक्षरातील ‘र्’ पुढच्या व्यंजनात विरून पालीत ‘मक्कट’ झाले, दोन स्वरांमधला ‘ट’ मऊ होऊन प्राकृतात ‘मक्कड’ झाले, आणि मराठीत येताना द्वित्त सुटून त्याची भरपाई आधीचा स्वर दीर्घ होण्यात झाली. सर्प–सप्प–साप आणि कर्म–कम्म–काम या मालिकांत जे घडले, तेच मर्कट–मक्कड–माकड या मालिकेत घडले. कोंकणीत त्याला अनुस्वार लागून ‘मांकड’ झाले. मराठीने त्याचे लिंगही बदलले : संस्कृतात पुल्लिंगी असलेला मर्कट मराठीत ‘ते माकड’ झाला. हिंदीला नपुंसकलिंगच नसल्याने हा बदल तिला शक्य नव्हता.

हिंदीने त्याहून मोठा बदल केला. दीक्षितपुऱ्यातील हिंदी शेजाऱ्याच्या तोंडी ‘मकड़ी’ हा शब्द येतो तेव्हा तो कोपऱ्यात जाळे विणणाऱ्या आठ पायांच्या कोळ्याबद्दल बोलत असतो. ध्वनीतील साम्य योगायोगाचे नाही. संस्कृतात ‘मर्कट’ म्हणजे माकड, तसाच ‘मर्कटक’ म्हणजे कोळी, हा अर्थही जुन्या कोशांत आहे. प्राकृतात ‘मक्कड’ या रूपात दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. श्वेतांबर जैनांच्या प्रतिक्रमणात चालता-फिरता चिरडल्या गेलेल्या सूक्ष्म जीवांची क्षमा मागताना ‘मक्कडा’ हा शब्द येतो, तो कोळ्याच्या जाळ्याच्या संदर्भात. तेथे माकडाचा संबंध नाही. पुढे भाषांनी हे दुहेरी ओझे वाटून घेतले. मराठी आणि गुजराती यांनी या शब्दात वानरकुलातील प्राणी ठेवला, हिंदीने त्यातच कोळी ठेवला आणि प्राण्यासाठी दुसरा शब्द घेतला. लांब हातापायांनी पकड घेणारा, लोंबकळणारा जीव ही दोन्ही अर्थांमागची समान कल्पना असावी, असे मानण्याचा मोह होतो, पण मुळात दोन वेगळे शब्द ध्वनिसाम्यामुळे एकमेकांत मिसळले असण्याची शक्यताही तितकीच आहे. मराठीतील ‘कोळी’ या शब्दाचे नाते विणकर या अर्थाच्या ‘कौलिक’ शब्दाशी जोडले जाते, आणि हिंदी प्रदेशात विणकरांच्या एका जातीला ‘कोरी’ म्हणतात. म्हणजे जो शब्द हिंदीत माणसाकडे राहिला तो मराठीत कीटकांच्या शेजारी जाऊन बसला, आणि जो मराठीत वानरकुलाकडे राहिला तो हिंदीत त्या जागी गेला. दोन भाषा बोलणाऱ्या घरातील मुलाला हा गुंता कोणी समजावून सांगत नाही. ते तो आपोआप शिकते.

हिंदीने प्राण्यासाठी घेतलेला ‘बंदर’ हा शब्दही मुळात संस्कृतच आहे. ‘वानर’ म्हणजे वनातला, अशी त्याची व्युत्पत्ती सामान्यतः दिली जाते. ‘वा नर’, म्हणजे ‘नर की काय?’, ही फोड चतुर असली तरी ती पंडितांची करामत आहे, इतिहास नव्हे. वानराचे हिंदीच्या पूर्वावस्थेत ‘बानर’ झाले, ‘न’ आणि ‘र’ यांच्यामध्ये उच्चाराच्या सोयीसाठी ‘द’ घुसला आणि ‘बांदर’, ‘बंदर’ अशी रूपे तयार झाली. कोकणातील ‘वांदर’ याच प्रक्रियेतून आले आहे. मराठीने हा शब्द सर्वत्र स्वीकारला असता तर एक गोंधळ उडाला असता, कारण मराठीत ‘बंदर’ म्हणजे जहाजे लागण्याची जागा, आणि तो शब्द फारसीतून आला आहे. हिंदीत समुद्रकाठच्या त्या जागेला ‘बंदरगाह’ म्हणून वेगळे केले जाते. मुंबईतील वांद्रे हे नाव बंदरावरून पडले की वांदरावरून, यावर वाद घालणाऱ्यांना या दोन शब्दांचे साम्य पिढ्यान्‌पिढ्या पुरले आहे.

जबलपूरकडे मात्र असा संशय घ्यायला जागा नाही, कारण समुद्र शेकडो कोस दूर आहे. शहरापासून वीसेक किलोमीटरवर भेडाघाट येथे नर्मदा संगमरवराच्या उंच कड्यांमधून वाहते, आणि त्या घळईत दोन्ही काठ एकमेकांच्या अगदी जवळ येतात त्या जागेला ‘बंदर कूदनी’ म्हणतात : एकेकाळी माकडे या काठावरून त्या काठावर उडी मारत, अशी तेथील नावाड्यांची परंपरागत कथा आहे. जुन्नरजवळच्या जीवधन किल्ल्याला लागून असलेल्या सुळक्याला मराठी माणसाने ‘वानरलिंगी’ म्हटले. दोन्ही नावांमागे एकच अनुभव दिसतो : माणसाला न जमणारी उडी किंवा चढण आली की नाव वानराच्या खात्यात जमा होते. कड्यावरून उडी घेणारा हा प्राणी बहुधा काळतोंड्या असणार, आणि त्याला काटेकोर हिंदीत ‘बंदर’ म्हणत नाहीत, ‘लंगूर’ म्हणतात. पण स्थळनामे काटेकोर नसतात.

‘लंगूर’ या शब्दात शेपूट आहे. संस्कृतात ‘लांगूल’ म्हणजे शेपूट, आणि गाईसारखी शेपटी असलेला तो ‘गोलांगूल’. रामायणात वानरांबरोबर या गोलांगूलांचाही वेगळा उल्लेख होतो, म्हणजे काळ्या आणि तांबड्या तोंडांचा भेद त्या काळीही नजरेत होता. अमरकोशाच्या सिंहादिवर्गात या प्राण्यांसाठी नऊ शब्द एकत्र आले आहेत. त्यांतील ‘शाखामृग’ आणि ‘प्लवग’ हे हालचालीवरून, ‘वनौकस्’ हा राहण्याच्या जागेवरून, तर ‘वलीमुख’ हा सुरकुतलेल्या चेहऱ्यावरून पडला आहे. पर्यायशब्द म्हणून ते सगळे एका ओळीत बसवल्याने कवींची सोय झाली आणि प्राण्यांची ओळख पुसट झाली. दक्षिणेकडील भाषांनी हा भेद अधिक नीट सांभाळला : कानडीत तांबड्या तोंडाचा तो ‘कोति’ किंवा ‘मंग’ आणि काळ्या तोंडाचा ‘मुसुव’, तेलुगूत पहिला ‘कोति’ आणि दुसरा ‘कोंडमुच्चु’.

या सगळ्या नावांच्या वर एक नाव आहे, आणि जुन्या जबलपुरात ते टाळता येत नाही. शहराच्या जुन्या भागातील हनुमानताल हा तलाव त्याच्या काठच्या मोठ्या जैन मंदिरामुळे प्रसिद्ध आहे, पण नाव आहे ते हनुमंताचे. वैशालीला बुद्धाच्या वास्तव्याशी जोडलेल्या तळ्याला ‘मर्कटह्रद’ म्हणत. पाण्याला कपिकुलाचे नाव देण्याची रीत अशी जुनी आहे. ‘हनुमत्’ म्हणजे मोठ्या हनुवटीचा, ही प्रचलित व्युत्पत्ती. इंग्रज अभ्यासक पार्जिटर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वेगळी कल्पना मांडली : द्रविड भाषांतील नर या अर्थाचा ‘आण्’ आणि माकड या अर्थाचा ‘मंदी’ हे शब्द मिळून झालेल्या नावाचे हे संस्कृतीकरण असावे आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ‘वृषाकपि’ हे त्याचेच भाषांतर असावे. ही कल्पना आकर्षक आहे, सिद्ध झालेली नाही, आणि तमिळमध्ये ‘मंदी’ हा शब्द विशेषतः मादीसाठी वापरतात, ही तिच्यातील मोठी अडचण आहे. मराठी घरांत या देवाला बहुधा ‘मारुती’ म्हणतात, म्हणजे वायूचा पुत्र. त्या नावात ना हनुवटी येते ना शेपूट. गोविंदगंजच्या जुन्या रामलीलेत वानरसेना रंगमंचावर आली की प्रेक्षक तिला ‘बंदर’ म्हणत नाहीत आणि मराठी प्रेक्षक ‘माकडे’ म्हणत नाहीत. देवाच्या बाजूने लढणाऱ्यासाठी दोन्ही भाषांनी ‘वानर’ हाच तत्सम शब्द राखून ठेवला आहे.

इंग्रजी अमलात या शब्दांना आणखी एक थर चढला. मध्य प्रांतात नोकरी केलेल्या रॉबर्ट स्टर्नडेल यांनी १८८४ मध्ये भारतातील सस्तन प्राण्यांवर पुस्तक लिहिले आणि प्रत्येक प्राण्याची देशी नावे दिली. त्यात काळ्या तोंडाच्या वानरासाठी मराठी म्हणून ‘वानर’ आणि ‘माकड’ या दोन्ही शब्दांची इंग्रजी कानांनी ऐकलेली रूपे आली, आणि सह्याद्रीतील ‘केलडे’ हे ‘केर्डा’ या रूपात दक्षिणी माकडाच्या नावे नोंदवले गेले. या याद्या नंतरच्या लेखकांनी जशाच्या तशा उतरवल्या. रुडयार्ड किपलिंग यांनी १८९४ च्या ‘जंगल बुक’मध्ये जबलपूरच्या दक्षिणेकडील सिवनीच्या जंगलात ‘बंदर-लोग’ वसवले आणि त्यांना राखाडी रंग दिला. म्हणजे प्राणी लंगूर आणि नाव बंदराचे. युरोपीय शास्त्रज्ञांनी तर दोन्ही प्राण्यांना ट्रॉयच्या कथाचक्रातील नावे दिली : ‘ऱ्हीसस’ हा थ्रेसचा राजा आणि ‘एंटेलस’ हा व्हर्जिलच्या काव्यातील म्हातारा मुष्टियोद्धा. रामाच्या सेनेतील प्राणी अशा रीतीने दुसऱ्याच युद्धाच्या यादीत गेले. १९४० मध्ये सापडलेल्या रक्तघटकाला ‘आर-एच’ हे नाव मिळाले ते या ऱ्हीससवरून, आणि ते आज प्रत्येक रक्तगटाच्या चिठ्ठीवर ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ होऊन छापले जाते.

इंग्रजीला स्वतःच्या शब्दांतही नीट भेद करता आला नव्हता. तिचा जुना शब्द ‘एप’ हा सगळ्याच वानरकुलासाठी होता. सोळाव्या शतकात ‘मंकी’ हा नवा शब्द आला तो लहान ‘एप’ या अर्थाने. त्याचे मूळ अनिश्चित आहे, पण १४९८ मध्ये ल्युबेक येथे छापलेल्या कोल्ह्याच्या कथेत मार्टिन नावाच्या वानराच्या पोराचे नाव ‘मोनेके’ असे आहे, आणि इटालियन भाषेत माकडिणीसाठी ‘मोन्ना’ हा शब्द होता, एवढे धागे हाती लागतात. शेपूट असलेला ‘मंकी’ आणि शेपूट नसलेला ‘एप’ ही विभागणी प्राणिशास्त्राने नंतर पक्की केली. मराठी शास्त्रीय लेखनाने ती विभागणी स्वीकारताना ‘एप’साठी ‘कपी’ हा शब्द राखून ठेवला. निवड सोयीची होती, पण विरोधाभासाची होती, कारण भारतातील जुन्या ग्रंथांतील कपीला शेपूट आहे आणि त्याच शेपटीने लंका जाळली. ‘कपिल’ आणि ‘कपिश’ या तपकिरी रंगांच्या नावांशी कपीचे नाते आहे, असे मानले जाते. खाजकुइलीला ‘कपिकच्छू’ म्हणतात, म्हणजे माकडालाही खाज आणणारी. हिब्रू बायबलात सॉलोमनच्या जहाजांतून आलेल्या माकडांसाठी ‘कोफ’ हा शब्द आहे आणि तो ‘कपी’वरून आला, असे पूर्वी ठामपणे सांगत, इजिप्तच्या भाषेतही तसाच जुना शब्द सापडल्यावर तो ठामपणा ओसरला.

खऱ्या अर्थाने लहान कपी म्हणावा असा प्राणी भारतात आहे, तो ईशान्येला. ब्रह्मपुत्रेच्या दक्षिणेकडील अरण्यांत राहणारा हुलॉक हा शेपूट नसलेला गिबन आहे आणि आसामातील जोरहाट जिल्ह्यात १९९७ मध्ये त्याच्या नावाने एक अभयारण्य जाहीर झाले. ‘हुलॉक’ हे नाव त्या प्रदेशातील देशी शब्दावरून घेतले आहे, आणि ‘गिबन’ हा शब्द फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी १७६६ मध्ये प्रचारात आणला. त्यांना हा प्राणी पुदुच्चेरीचे फ्रेंच गव्हर्नर द्युप्ले यांच्याकडून मिळाला होता. मराठी मुलखाला हा प्राणी कधी दिसलाच नाही, म्हणून त्याच्यासाठी मराठीत घरचा शब्द नाही, आणि ते स्वाभाविक आहे.

व्यवहाराच्या मराठीत उलट ‘माकड’ अधिकाधिक पसरत गेले. पाठीच्या कण्याचे शेवटचे टोक ते ‘माकडहाड’. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला आणि २०१६ पासून सिंधुदुर्गात पसरलेला रोग तो ‘माकडताप’, जरी त्यात वानर आणि माकडे दोन्ही मरतात. अविचारी माणसाच्या हाती अधिकार गेला तर ‘माकडाच्या हाती कोलीत’. माकडांचे खेळ करून जगणाऱ्या भटक्या जमातीला महाराष्ट्रात ‘माकडवाले’ हेच नाव पडले; जबलपूरकडे तो धंदा करणारा ‘मदारी’. १९९८ च्या सरकारी अधिसूचनेने माकडांना खेळासाठी शिकवण्यावर बंदी आली, धंदा संपत गेला, पण जातीच्या दाखल्यावरचे नाव राहिले.

मराठी कोश आजही ‘माकड’ या नोंदीपुढे ‘वानर’ आणि ‘वानर’ या नोंदीपुढे ‘माकड’ असे लिहून थांबतात. हे अपुरे आहे. माकड म्हणजे तांबड्या तोंडाचे आणि वानर म्हणजे काळ्या तोंडाचा, तापीच्या दक्षिणेला माकड लांब शेपटीचे आणि उत्तरेला आखूड शेपटीचे, कोकणात त्याला केलडी म्हणतात, एवढे तरी कोशात यायला हवे. आणि ही नोंद करताना केवळ पुणे-मुंबईची मराठी न घेता सागर, जबलपूर आणि दीक्षितपुरा येथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या घरांतील शब्दही कोशकारांनी जाऊन ऐकावेत.